दार उघडले नाही तर कोणाकडे जावे?

महाराष्ट्र शासनाने कृषी योजनांच्या लाभासाठी शेतकरी ओळख क्रमांक १५ एप्रिल २०२५ पासून बंधनकारक केला, आणि महाडीबीटीच्या संकेतस्थळावर शेतकऱ्याने स्वतः निवडलेल्या वापरकर्ता-नावाची व पासवर्डची जागा त्या क्रमांकाने आणि त्यामागोमाग मोबाइलवर येणाऱ्या ओटीपीने घेतली. शिऊर, गारज, महालगाव, बोरसर अशा गावांतून ठिबक संचासाठी किंवा कांदाचाळीसाठी अर्ज भरायला मराठवाड्यातील वैजापुरात येणाऱ्या शेतकऱ्याच्या दृष्टीने हा फरक पडद्यावरील दोन रकान्यांचा. परंतु त्याचा अर्थ त्याहून पुष्कळ दूर जातो. आपण कोण, हे सरकारदरबारी तो आजवर स्वतःजवळच्या एका गुपिताच्या आधारे सिद्ध करीत होता. यापुढे त्याच्या वतीने ते सांगणार आहे सातबारा, आधार आणि मोबाइल क्रमांक यांची सांगड घालून दूरच्या संगणकांवर ठेवलेले एक दप्तर. या बदलाचे मी मनापासून स्वागत करतो. आणि ज्या एका उणिवेपायी तो अन्यायाला कारण होऊ शकेल, ती वेळीच भरून काढली जावी, एवढ्यासाठीच हे लिहीत आहे.

पासवर्ड गेला म्हणून शोक करण्याचे कारण नाही. १९६० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स येथील एमआयटी या तंत्रसंस्थेत फर्नांडो कोर्बातो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, एकच संगणक अनेकांना वापरता यावा आणि तरीही ज्याचे काम त्याच्यापाशीच राहावे, म्हणून ही युक्ती योजिली. आणि १९६२ मध्येच तेथील ॲलन शेर या संशोधकाने, आपल्या वाट्याला आलेला वेळ पुरेना म्हणून, सर्वांच्या पासवर्डांची यादी त्याच यंत्राकडून छापून घेतली. हे कुलूप बसले तेव्हापासूनच ते फुटत आले आहे, आणि स्वतः कोर्बातो यांनीही उतारवयात त्याविषयीची आपली निराशा बोलून दाखविली होती. आपल्याकडे तर त्याची दशा याहून दयनीय झाली. मोठी लिपी, लहान लिपी, अंक आणि चिन्ह अशी सक्ती असलेला इंग्रजी शब्द ज्याला लिहितावाचताही येत नाही, त्याचा पासवर्ड सेवा केंद्र चालविणाऱ्याने तयार करावा, तो त्याच्याच वहीत नोंदला जावा, आणि पुढल्या हंगामात अर्जाचे काय झाले हे पाहायला खातेदाराने पुन्हा त्याच वहीपुढे उभे राहावे, असे तालुक्या-तालुक्यांतून सर्रास घडत आले आहे. गुपित म्हणून जे सांगितले जाते ते ज्याचे त्यालाच ठाऊक नसावे, ही व्यवस्था टिकण्यास पात्र नव्हती.

तिच्या जागी येणाऱ्या पद्धती मात्र सगळ्या एका योग्यतेच्या नाहीत. भारत सरकारची 'मेरी पहचान' ही सेवा २०२२ पासून डिजिलॉकर, ई-प्रमाण आणि जनपरिचय यांपैकी कोणत्याही एका ओळखीवर अनेक सरकारी संकेतस्थळांत प्रवेश देते. आधाराशी जोडलेल्या मोबाइलवरचा ओटीपी, बोटाचा ठसा आणि चेहरा हा दुसरा मार्ग सर्वांच्या परिचयाचा आहे. आणि ज्या मार्गाला ॲपल, गूगल व मायक्रोसॉफ्ट या तीन कंपन्यांनी मे २०२२ मध्ये एकत्रितपणे पाठिंबा जाहीर केला, तो पासकीचा मार्ग माझ्या मते या सर्वांत शास्त्रशुद्ध आहे. त्यात फोन स्वतःच दोन किल्ल्यांची एक जोडी तयार करतो. पैकी एक संकेतस्थळाच्या स्वाधीन होते, ती जगजाहीर झाली तरी काही बिघडत नाही, आणि दुसरी गुप्त किल्ली त्या संकेतस्थळाला कधीच दिली जात नाही. प्रवेशाच्या वेळी संकेतस्थळ एक नवाच आकडा पाठविते, फोन मालकाचे बोट, चेहरा वा पिन पाहून गुप्त किल्लीने त्यावर जणू सही करतो, आणि ती सही खरी की खोटी हे संकेतस्थळ आपल्याजवळच्या किल्लीने ताडून पाहते. ही जोडी त्या एकाच संकेतस्थळाच्या पत्त्याशी बांधलेली असल्यामुळे बँकेचे सोंग घेतलेल्या बनावट पानावर ती चालत नाही. आणि 'आलेला नंबर सांगा' म्हणून गोड आवाजात फोन करणाऱ्या भामट्याला सांगता येईल असे काही मालकापाशी उरतच नाही. ओटीपीला ही योग्यता नाही, कारण जे वाचता येते ते सांगताही येते, आणि मराठवाड्यातील कित्येकांची आयुष्यभराची पुंजी असा एक आकडा सांगून गेली आहे.

येथवर सर्व ठीक. परंतु फोन हरवला म्हणजे काय करायचे, या प्रश्नाचे उत्तर या नव्या व्यवस्थेत नेहमी दुसऱ्या कोठल्या तरी खात्याकडे बोट दाखविते. पासकीची प्रत कंपनीच्या क्लाउडवर असते, त्या खात्यात शिरण्यासाठी मोबाइल क्रमांक लागतो, मोबाइल क्रमांकासाठी बहुधा आधार मागितले जाते, आणि आधारावरील क्रमांक बदलून घ्यायचा तर त्यासाठी बोट, डोळा वा चेहरा जुळावा लागतो. ही साखळी मुंबई-पुण्याच्या नोकरदाराच्या घरी क्वचितच तुटते. वैजापूर तालुक्यातील एखाद्या वस्तीवर ती कशी तुटते, याची कल्पना ती रचणाऱ्यांना असेल असे वाटत नाही. घरात स्मार्टफोन एक, तो वाळूजच्या औद्योगिक वसाहतीत कामाला गेलेल्या मुलाच्या खिशात, आणि आईच्या आधाराशी जोडलेला क्रमांकही तोच. म्हणजे आईच्या नावाचा ओटीपी वाळूजला वाजणार, आणि तेथे मुलगा पाळीवर असेल तर येथे तिचे काम सर्व दिवस अडून राहणार. प्रीपेड क्रमांक नव्वद दिवस वापरात नसेल आणि त्यात पैसेही नसतील, तर कंपनीला तो बंद करता येतो आणि कालांतराने दुसऱ्या ग्राहकाला देता येतो. मग ज्याच्या त्या क्रमांकाशी काडीचाही संबंध नाही अशा कोणाच्या तरी हाती एका शेतकऱ्याच्या ओळखीची चावी पडते. आणि कापूस वेचून, कांदा कापून, ऊस तोडून ज्या हातांच्या रेषा झिजल्या आहेत, त्यांचा अंगठा यंत्रावर लागत नाही, हे तर रेशन दुकानापुढच्या रांगेत उभे राहिलेल्या कोणालाही सांगावे लागत नाही.

याचा सर्वांत मोठा प्रत्यय महाराष्ट्राला 'लाडकी बहीण' योजनेच्या ई-केवायसीने दिला. सप्टेंबर २०२५ मध्ये ती सुरू झाली तेव्हा लाभार्थी स्त्रीच्या स्वतःच्या आधार ओटीपीबरोबरच पतीच्या किंवा वडिलांच्या आधारावरही ओटीपी घेतला जाईल, असे ठरविण्यात आले. जिचा पती निवर्तला आहे आणि वडीलही हयात नाहीत, जिचा घटस्फोट झाला आहे, तिने तो आणावा कोठून? ज्या स्त्रियांना महिन्याच्या पंधराशे रुपयांची निकड सर्वांत अधिक, नेमक्या त्याच संकेतस्थळाच्या उंबऱ्यावर अडल्या. पुढे मुदत ३१ डिसेंबर २०२५ पर्यंत वाढविली गेली, आणि अशा स्त्रियांनी मृत्यूचा दाखला किंवा घटस्फोटाचा कागद अंगणवाडी सेविकेकडे द्यावा, असा मार्ग काढण्यात आला. हा निर्णय उचितच होता. मात्र तो पहिल्याच दिवशी झाला असता, तर कित्येक विधवांचे अश्रू आणि हेलपाटे वाचले असते. शिवाय त्याने एक गोष्ट निःसंशय सिद्ध केली : जेथे यंत्राची ओळख संपली तेथे गावातील एका जबाबदार स्त्रीच्या ओळखीनेच शासनाचे काम चालले.

आपल्या राज्यकारभाराच्या परंपरेतही हे नवे नाही. शिवकालीन राजपत्राच्या शिरोभागी शिक्का आणि अखेरीस मोर्तब अशा दोन मुद्रा उमटत, त्या पत्रात मागाहून कोणी अक्षर घुसडू नये म्हणून. परंतु त्या मुद्रांच्या मागे त्या उमटविणारा, पत्राला जबाबदार असणारा अंमलदारही असे. १९४८ पर्यंत वैजापूर निजामाच्या अंमलाखाली होते, आणि त्या काळच्या उर्दू-फारसी दप्तरांतून पूर्वजांची नोंद शोधण्याचा प्रसंग अलीकडे मराठवाड्यातील असंख्य कुटुंबांवर आला आहे. हैदराबाद गॅझेटच्या आधारे द्यावयाच्या कुणबी दाखल्यांविषयी २ सप्टेंबर २०२५ रोजी जो शासन निर्णय निघाला, त्याच्या राजकीय बाजूत मला येथे शिरायचे नाही. त्यातील कार्यपद्धती तेवढी लक्षात घ्यावी. ग्राम महसूल अधिकारी, ग्रामपंचायत अधिकारी आणि सहायक कृषी अधिकारी यांच्या गावपातळीवरील समितीने स्थानिक चौकशी करावी, असे तीत सांगितले आहे. जुनी दप्तरे अपुरी पडतात तेथे गावात जाऊन विचारावे, हे शासनाला ठाऊक आहे. नवे दप्तर अपुरे पडेल तेथे मात्र विचारायचे कोणाला, याचे उत्तर आज मिळत नाही.

यावर असा आक्षेप घेतला जाईल, आणि तो हलका नाही, की माणसाच्या हाती अधिकार दिला की चिरीमिरी आली, दलाल आला, ओळखीच्याला आधी आणि गरिबाला नंतर असा भेद आला. तलाठ्याच्या सज्जावर फेरफारासाठी खेटे घातलेल्या मराठवाड्यातील माणसाला हे मी काय सांगावे! सप्टेंबर २०२५ च्या अतिवृष्टीनंतर मदत वाटताना शेतकरी ओळख क्रमांक असलेल्यांना वेगळ्या ई-केवायसीतून सवलत मिळाली, म्हणजे या क्रमांकाने त्यांची एक पायपीट खरोखरच वाचविली, हेही मान्य केले पाहिजे. म्हणून माझी मागणी यंत्र काढून टाकण्याची नाही. यंत्र नाही म्हणेल तेव्हा त्याच्यावर अपील चालावे, आणि ते ऐकणाऱ्याचे नाव, हुद्दा व लेखी हुकूम नोंदीला राहावा, एवढीच ती आहे. यंत्राच्या नकाराला आज कारण नसते, तारीख नसते, सही नसते. 'पडताळणी अयशस्वी' एवढे दोन शब्द पडद्यावर येतात, आणि ते घेऊन कोणत्याही कचेरीत दाद मागता येत नाही.

न्यायालयांनीही ही दिशा दाखविली आहे. आधारसंबंधीच्या २६ सप्टेंबर २०१८ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने आधार कायदा उचलून धरला, परंतु पडताळणी फसली म्हणून कोणी लाभाला मुकू नये, ही चिंताही त्या निकालात स्पष्ट आहे. आणि ३० एप्रिल २०२५ रोजी, ॲसिड हल्ल्यात चेहरा विद्रूप झालेल्या व दृष्टी नसलेल्या व्यक्तींना ई-केवायसी करता येत नाही या तक्रारीवर निर्णय देताना, न्यायमूर्ती पारडीवाला आणि न्यायमूर्ती महादेवन यांनी डिजिटल सेवांपर्यंत पोहोचणे हा राज्यघटनेच्या एकविसाव्या अनुच्छेदातील जीविताच्या हक्काचाच भाग असल्याचे सांगितले. शिवाय दूरची दप्तरे कधी बंदच पडणार नाहीत, असे कोणी समजू नये. २० ऑक्टोबर २०२५ रोजी, ऐन दिवाळीत, अमेरिकेतील उत्तर व्हर्जिनियाच्या ॲमेझॉनच्या केंद्रांत बिघाड झाला आणि जगभरातील कितीतरी सेवा काही तास ठप्प झाल्या.

उपाय नव्याने शोधण्याचीही गरज नाही. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ या कायद्याने अधिसूचित सेवेला मुदत असते, ती सेवा देणारा पदनिर्देशित अधिकारी असतो, त्याच्यावर प्रथम व द्वितीय अपील चालते, त्यापुढे आयोगाकडे जाता येते, आणि विनाकारण विलंब करणाऱ्या अधिकाऱ्याला पाचशे ते पाच हजार रुपये दंड होऊ शकतो. आधारातील नोंद बदलण्याचा अधिकार राज्याला नाही, हे खरे. परंतु महाडीबीटी, लाडकी बहीण, आपले सरकार ही संकेतस्थळे राज्याची स्वतःची आहेत, आणि त्यांच्या दाराशी अडलेल्याची ओळख पर्यायी मार्गाने पटवून देणे ही सेवा राज्याला उद्याच अधिसूचित करता येईल. प्रत्येक तालुक्याच्या तहसील कार्यालयात एक नायब तहसीलदार त्यासाठी नेमावा. अर्जदाराने रेशनकार्ड, सातबारा, मतदार ओळखपत्र यांपैकी हाताशी असेल ते आणावे आणि गावातील अंगणवाडी सेविका किंवा ग्राम महसूल अधिकारी यांची ओळख द्यावी. पोच तेथल्या तेथे मिळावी, सात दिवसांत लेखी निर्णय व्हावा, आणि तोवर त्याचा अर्ज मुदतीच्या आत आला असेच धरले जावे. नकार द्यायचा असेल तर त्याचे कारण मराठीत लिहून, सही-शिक्क्यानिशी त्याच्या हातात द्यावे.