फाईल सापडली म्हणजे काय सिद्ध झालं?

काजूचा हंगाम होता. मी चंदगडला घरून काम करत होतो. शाळेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक फॉरवर्ड येऊन पडला. खाली फादर स्टॅन स्वामींचा फोटो, वर मजकूर की जंगलातले फादर म्हणजे झग्यातले नक्षलवादी. आमच्या ग्रुपमध्ये ख्रिस्ती मित्रही आहेत. त्यांच्यातलं कुणी काही बोललं नाही. मी विचारलं, "पुरावा काय?" उत्तर आलं, "अरे, त्याच्या कॉम्प्युटरातच फाईली सापडल्या की! तू इंजिनिअर ना?"

इंजिनिअर आहे, म्हणूनच हे लिहितोय.

आधी माणूस बघू. स्टॅन स्वामी जेझुइट धर्मगुरू, मूळचे तमिळ. आयुष्याची कित्येक वर्षं त्यांनी झारखंडच्या आदिवासींमध्ये काढली. रांचीजवळ नामकुमला 'बगईचा' हे त्यांचं केंद्र. अशा भागात फादर म्हणजे फक्त रविवारची मिस्सा नव्हे. जमिनीचा अर्ज, पोराची शाळा, तुरुंगातल्या भावाचा वकील, सगळं त्याच्याच दारात येतं. तिथल्या गावांत रात्री बंदूकवाले येऊन भात मागतात आणि सकाळी वर्दीवाले येऊन विचारतात, भात का दिला? स्वामींच्या गटाने नक्षलवादी म्हणून पकडलेल्या १०२ कच्च्या कैद्यांचा अभ्यास केला. त्यातल्या ९७ टक्के लोकांनी माओवाद्यांशी आपला संबंध नसल्याचं सांगितलं. अशा कैद्यांसाठी स्वामी हायकोर्टातही गेले.

मग पुण्याचा धागा निघाला. ३१ डिसेंबर २०१७ला शनिवारवाड्यावर एल्गार परिषद झाली, दुसऱ्या दिवशी भीमा कोरेगावला हिंसाचार झाला. आपण भीमा कोरेगावला कधी गेलोच नाही, असं स्वामी सांगत राहिले. पुणे पोलिसांनी बगईचावर दोनदा छापा घातला, ऑगस्ट २०१८मध्ये आणि १२ जून २०१९ला. ८ ऑक्टोबर २०२०ला एनआयएने त्यांना यूएपीएखाली अटक केली. वय ८३, पार्किन्सन्सने हात थरथरणारे. तळोजा तुरुंगात पाणी प्यायला सिपर मिळावा म्हणून त्यांना कोर्टात अर्ज करावा लागला आणि उत्तर द्यायला एनआयएने २० दिवस मागून घेतले. ५ जुलै २०२१ला, जामिनाचा अर्ज हायकोर्टात असतानाच, ते वांद्र्याच्या होली फॅमिली हॉस्पिटलमध्ये गेले. खटला उभाच राहिला नाही.

आता फाईली. अमेरिकेतल्या आर्सेनल कन्सल्टिंग या संस्थेने त्यांच्या हार्ड डिस्कची प्रत तपासली. डिसेंबर २०२२मध्ये समोर आलेल्या अहवालानुसार, २०१४पासून त्या कॉम्प्युटरमध्ये बाहेरचा कुणीतरी शिरलेला होता. हत्यार होतं नेटवायर, पैसे टाकून कुणालाही मिळणारा मालवेअर. चाळीसहून जास्त फाईली त्याने आत सोडल्या आणि ११ जून २०१९ला स्वतःच्या खुणा पुसायला घेतल्या. छापा कधी पडला, ते वर लिहिलंय. परत वाचा.

कुणी म्हणेल, आर्सेनलला तर बचाव पक्षानेच काम दिलं होतं. खरं आहे, आणि एनआयएला तो अहवाल मान्य नाही. मग कोर्टासमोर उलटतपासणी होऊ द्या, स्वतंत्र तज्ज्ञ बसवा. पण आरोपी मेल्यावर त्याचा खटला संपतो, डाग तेवढा राहतो. तो पुसावा म्हणून सेंट झेवियर्सचे माजी प्राचार्य फादर फ्रेझर मस्करेन्हस यांना हायकोर्टात जावं लागलं.

दुसरा कुणी म्हणेल, आता हॅश व्हॅल्यू असते, गडबड होत नाही. १ जुलै २०२४पासून लागू झालेल्या साक्ष्य अधिनियमात ती लिहावी लागते, हे चांगलंच आहे. पण हॅश म्हणजे काजूच्या पोत्यावरचं सील. सील केल्यावर पोतं कुणी उघडलं नाही, एवढंच ते सांगतं. त्याआधी आत खडे कुणी घातले, ते सील सांगत नाही.

तिसरा मुद्दा धर्मांतराचा, आणि तो मी टाळणार नाही. बिरसा मुंडा मिशनच्या शाळेत शिकले आणि पुढे मिशनऱ्यांच्याही विरोधात उभे राहिले. त्याच मुलखात हॉफमन नावाच्या जेझुइटाने १९०८च्या छोटानागपूर कूळ कायद्याला हातभार लावला. आदिवासींची जमीन राखायला तो कायदा आजही लागतो. मिशनचा इतिहास असा दोन्ही बाजूंचा आहे. त्यावर भांडायचं तर उघड भांडा. मी चर्चचा वकील नाही. पण माणसाचं धर्मकार्य पटत नाही म्हणून त्याच्या कॉम्प्युटरमधली फाईल आपोआप खरी ठरत नाही.

माझा राग पोलिसांपेक्षा आपल्यावर जास्त आहे. ऑफिसात एक साधा बग आला तर आपण लॉग मागतो, कुणी कधी काय बदललं ते तपासतो, त्याशिवाय कुणाचं नाव घेत नाही. आणि इथे? सिपरच्या बातमीने कळवळून लोकांनी तळोजाला ऑनलाइन सिपर पाठवले, ते बरंच केलं. पण फाईल आली कुठून, हे ज्यांना विचारता आलं असतं, ते आपण लाखो इंजिनिअर गप्प बसलो.

त्या दिवशी ग्रुपवर मी हे सगळं लिहिलं. दोन अंगठे आले, एक जण ग्रुप सोडून गेला. रात्री उशिरा एका ख्रिस्ती मित्राचा वेगळा मेसेज आला: "बरं झालं तू बोललास. आम्ही बोललो असतो तर आमच्यावरच उलटलं असतं." शाळेत दहा वर्षं एका बाकावर बसलेला हा मित्र, आणि आपल्याच गावच्या ग्रुपवर त्याला बोलायची भीती वाटते. पुढचा फॉरवर्ड येईल तेव्हा पहिला प्रश्न तुम्ही विचारा. त्याच्यावर वेळ आणू नका.