डर्ट बाईकवर लडाख होतं का? बेंबळीतून हिशोब मांडला तर उत्तर वेगळंच निघतं

चिखल उडतोय, पुढचं चाक हवेत आहे आणि रायडर पायऱ्यांवर उभा राहून टेकडी चढतोय. असं रील दिसलं की खाली कुणीतरी विचारतोच, यावर लडाख होईल का?

समजा हा प्रश्न धाराशिव तालुक्यातल्या बेंबळीतल्या तरुणाने विचारलाय. त्याच्यासाठी ही निव्वळ हौस नाही. गाडी दोन-तीन लाखांची आहे, बहुतेक वेळा कर्जावर घ्यायची आहे, आणि तीच गाडी उद्या शेतात, कॉलेजला आणि तुळजापूरलाही न्यायची आहे. म्हणून रेससाठी घडवलेली गाडी लांबच्या प्रवासाला चालते का, हे आधी पैसे भरून मग कळलं तर महागात पडतं.

आत्ताच ही चर्चा का?

कारण अशा गाड्या आता आवाक्यात आल्यात. कावासाकीची केएलएक्स २३० डिसेंबर २०२४ मध्ये ३ लाख ३० हजारांना आली आणि भारतात बनू लागल्यावर दोन लाखांच्या आत उतरली. जानेवारी २०२५ मध्ये हिरोने एक्सपल्स २१० आणली. एप्रिल २०२५ मध्ये केटीएमची ३९० एंड्युरो आर ३ लाख ३७ हजारांना बाजारात आली. ती बनते आपल्याच चाकणमध्ये, बजाजच्या कारखान्यात. आर्थिक अडचणीत सापडलेल्या ऑस्ट्रियाच्या या कंपनीवरचं नियंत्रणही नोव्हेंबर २०२५ मध्ये बजाज ऑटोकडे आलं.

त्यात २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटी बदलला. ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकीवर १८ टक्के आणि त्यावरच्या गाडीवर ४० टक्के.

पण 'डर्ट बाईक' या एका शब्दात दोन वेगळ्या जाती येतात, आणि घोळ तिथेच होतो.

रेसची गाडी आणि रेससारखी गाडी

नोव्हेंबर २०२४ मध्ये केटीएमने भारतात ३५० ईएक्ससी-एफ आणि ४५० एसएक्स-एफ या गाड्याही विकायला काढल्या. किंमत अनुक्रमे १२ लाख ९६ हजार आणि १० लाख २५ हजार. या अस्सल रेसच्या गाड्या. पैसे मोजा आणि घ्या, पण आरटीओत त्यांची नोंदणी होत नाही.

रस्त्यावर चालणाऱ्या प्रत्येक मॉडेलला आधी पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेकडून मंजुरी लागते. धूर, आवाज, ब्रेक, दिवे सगळं तपासलं जातं. १२५ सीसीच्या वरच्या गाडीला एबीएस लागतं. मागचं चाक निदान निम्मं झाकणारं संरक्षण लागतं, म्हणजे आपलं साडी गार्ड. रेसच्या गाडीला साडी गार्ड लावायला कुणी जात नाही.

नोंदणी नसलेली गाडी सार्वजनिक रस्त्यावर आणली तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९२ नुसार पहिल्यांदा २ ते ५ हजार रुपये दंड आहे. पुन्हा सापडलात तर १० हजारांपर्यंत दंड किंवा एक वर्षापर्यंत कैद. दंड एक वेळ भरता येईल, खरी भीती विम्याची आहे. तात्पुरती नोंदणी संपलेली एक बोलेरो चोरीला गेली होती. त्या प्रकरणात सप्टेंबर २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विमा कंपनीच्या बाजूने निकाल दिला, भरपाई नाकारणं योग्य ठरवलं. हे कागद असलेल्या गाडीचं झालं. ज्या गाडीला कागदच मिळत नाहीत, तिने रस्त्यात कुणाला उडवलं तर भरपाई मालकाच्या घरातून जाते.

कायदा बाजूला ठेवला तरी?

तरीही जमत नाही. याचं कारण इंजिनात आहे.

साध्या गाडीची सर्व्हिस किलोमीटरवर ठरते. रेसच्या गाडीची ठरते इंजिन किती तास चाललं त्यावर. वजन वाचवायचं म्हणून ऑइल लिटर-सव्वा लिटरच असतं, पिस्टन हलका असतो, आणि इंजिनाचा जीव पिळून ताकद काढलेली असते. जोरात पळवली तर साधारण १५ तासांनी ऑइल बदलायचं.

आता बेंबळीतून निघा. धाराशिवला राष्ट्रीय महामार्ग ५२ लागतो. बीड, छत्रपती संभाजीनगर, धुळे करत तोच इंदूरला जातो. ताशी ५० चा वेग धरला तर १५ तासांत ७५० किलोमीटर होतात. म्हणजे इंदूर ओलांडलं की ऑइल बदला. लेहपर्यंत एका बाजूने सुमारे अडीच हजार किलोमीटर आहेत. जाऊन-येऊन सहा-सात वेळा ऑइल, आणि मध्ये इंजिन उघडायची वेळ आली तर तो भाग ढाब्याशेजारच्या गॅरेजात मिळणार नाही.

"मग डकार रॅली कशी करतात?" हा पुढचा प्रश्न ठरलेला. २०१५ मध्ये सी. एस. संतोष डकार पूर्ण करणारे पहिले भारतीय ठरले. २०२४ मध्ये हरित नोहाने रॅली २ हा गट जिंकला आणि एकूण क्रमवारीत अकरावा आला. पण डकारची गाडी मैदानातली मोटोक्रॉस गाडी नसते. तिच्यात तीस लिटरच्या आसपास पेट्रोल मावेल अशा टाक्या बसवलेल्या असतात, आणि संघाच्या रायडरची गाडी रात्री मुक्कामावर मेकॅनिकच्या हातात जाते. लांब जायचं ठरलं की रेसवाल्यांनाही गाडी बदलावी लागते. बेंबळीच्या पोरामागे मेकॅनिकचा ट्रक नसतो.

रेससारख्या गाड्यांचं काय?

त्यांचं उत्तर 'हो, पण' असं आहे. ३९० एंड्युरो आरला नोंदणी मिळते, इंजिन टिकाऊ आहे, सर्व्हिस किलोमीटरवर आहे. मात्र टाकी ९ लिटरची. लिटरला २८ किलोमीटर धरले तर अडीचशे किलोमीटर होतात. महाराष्ट्रात हे पुरेसं आहे. मनालीच्या पुढे टांडीच्या पंपावर मात्र कित्येक वर्षं एक पाटी प्रसिद्ध होती : पुढचा पंप ३६५ किलोमीटरवर. केएलएक्स २३० ची टाकी तर ७.६ लिटरचीच. कॅन बांधायचा म्हटलं तर मागचा सांगाडा सामान पेलायला केलेला नाही, आणि सीट इतकी अरुंद की तिसऱ्या तासाला रायडर एका मांडीवरून दुसऱ्या मांडीवर होत राहतो.

उंचीचंही बघा. एंड्युरो आरची सीट ८६० मिलिमीटर, केएलएक्सची ८८०. चिखलात ही उंची कामाची. पण थकलेल्या अंगाने, सामान लादून, उतारावर पाय टेकायची वेळ येते तेव्हा तीच उंची गाडी आडवी करते.

याउलट रॉयल एनफिल्डची हिमालयन ४५० : वजन १९६ किलो, टाकी १७ लिटर. रीलमध्ये ती जड दिसते, आणि चिखलात खरंच जड आहे. पण लडाखच्या वाटेवर बहुतेक अंतर डांबरी रस्त्याचंच आहे. २०२० मध्ये अटल बोगदा सुरू झाल्यापासून रोहतांगचा घाटही टाळता येतो. उंचावरचे खराब पट्टे सोडले तर परीक्षा पाठीची असते, सस्पेन्शनची नाही. पुण्याच्या रमाबाई लटपटे २०२३ मध्ये नऊवारी नेसून गेटवे ऑफ इंडियावरून जगप्रवासाला निघाल्या, त्या होंडाच्या साध्या सीबी ३५० वर.

मग ही गाडी चालते कुठे?

बेंबळीतच. ही त्यातली गंमत आहे.

या भागातली काळी माती पावसाळ्यात चाकाला कशी धरते, हे इथल्या माणसाला सांगावं लागत नाही. साध्या गाडीचं मडगार्ड चाकाला चिकटून असतं. पाणंद रस्त्यावर शंभर पावलं गेलं की माती मध्ये बसते, चाक जाम होतं आणि काडी घेऊन चिखल कोरत बसावं लागतं. डर्ट बाईकचं पुढचं मडगार्ड चोचीसारखं वर असतं ते याचसाठी, माती पडून जावी म्हणून. पुढचं २१ इंची चाक खड्ड्यात अडकत नाही, आणि तारांच्या चाकातल्या ट्यूबचं पंक्चर गावातला कुणीही काढतो. १३९ किलोची केएलएक्स बांधावर आडवी झाली तर एकटा माणूस उचलतो.

म्हणजे जी गाडी लडाखसाठी हवीशी वाटते, तिचा खरा उपयोग शेताच्या वाटेवर आहे. एकाच गाडीत दोन्ही हवं असेल तर एक्सपल्स २१० जवळ येते : १३ लिटरची टाकी, ८३० मिलिमीटर सीट, आणि ३५० सीसीच्या आत असल्याने कर १८ टक्के. हायवेवर ती ३९० इतकी पळणार नाही, हे मात्र आधीच धरून चालावं.

आणि शोरूममध्ये गेलात तर पाच मिनिटांची टेस्ट राइड घेऊन परतू नका. निदान तासभर मागा. सीट कशी आहे ते पहिल्या पाच मिनिटांत कळत नाही.