सेकंदांची चूक आणि चुंबकाचा दोष



महागडी स्विस चावीची घड्याळे रोज काही सेकंद चुकतात, ही ग्राहकाची फसवणूकच, असे मागील अंकातील पत्रलेखकाचे म्हणणे. ते अर्धेच खरे आहे.

दिवसाचे सेकंद 86,400. स्वित्झर्लंडची सीओएससी ही संस्था घड्याळाचे यंत्र 15 दिवस तपासते, पाच स्थितींत आणि 8, 23 व 38 अंश तापमानांत. रोज सरासरी 4 सेकंद मागे ते 6 सेकंद पुढे, एवढी मुभा. मे महिन्यात जालन्याचा पारा 40 ओलांडतो, म्हणजे चाचणीच्या 38 अंशांच्याही वर जातो, हेही ध्यानात घ्यावे.

रोज कित्येक मिनिटे पुढे पळणाऱ्या घड्याळाचे दुखणे मात्र बहुधा वेगळे असते. जालना पोलादाचे शहर. भंगार उचलणाऱ्या विद्युतचुंबकाजवळ घड्याळातील हेअरस्प्रिंग ही नाजूक स्प्रिंग चुंबकित होऊ शकते. तिचे वेढे एकमेकांना चिकटतात, ती जणू आखूड होते आणि घड्याळ धावत सुटते. मोबाइलच्या कव्हरमधला छोटा चुंबकही हे करू शकतो. जाणता घड्याळजी डीमॅग्नेटायझरने हा दोष काही क्षणांत काढतो, बहुतेक वेळा घड्याळ न उघडता.

तक्रारीचा खरा भाग निराळा. क्वार्ट्झचा स्फटिक सेकंदाला 32,768 वेळा कंप पावतो. एचएमटीच्या ‘जनता’ या चावीच्या घड्याळाचे बॅलन्स व्हील तासाला 18,000 ठोके देते. त्यामुळे शे-पाचशेचे क्वार्ट्झ लाखाच्या चावीच्या घड्याळाहून अचूक असते. हे गिऱ्हाइकाला दुकानातच कळायला हवे. विक्रेत्यांनी रोजचा अपेक्षित फरक हमीपत्रावर लिहून द्यावा आणि ग्राहकांनी तो मागून घ्यावा.

— एक वाचक, जालना