दोन्ही छिद्रांत टेस्टर पेटला तर

बाजारपेठेतील जुन्या कापड-दुकानांत एक प्रसंग वरचेवर घडतो. सणाचे दिवस असतात, गिऱ्हाइकांची गर्दी असते, आणि नेमके तेव्हाच मागच्या दालनातील दिवे लुकलुकू लागतात व काही वेळाने विझतात. पुतण्या प्लगच्या दोन्ही छिद्रांत टेस्टर लावून पाहतो. दोन्हीकडे तो पेटतो. “काका, करंट तर भरपूर आहे, दिवेच गेले असतील,” असा निर्वाळा मिळतो. नवे दिवे येतात, तेही लागत नाहीत. मग ‘सण उरकल्यावर पाहू’ असे ठरते आणि दोष आपल्या जागी तसाच राहतो.

वास्तविक दोन्ही छिद्रांत टेस्टर पेटणे हे भरपूर विजेचे नव्हे, तर तुटलेल्या न्यूट्रलचे लक्षण असू शकते. वीज फेजच्या तारेने येते आणि न्यूट्रलच्या तारेने परत जाते. परतीची वाट तुटली की, बटण चालू राहिलेल्या दिव्यातून फेजचा दाब न्यूट्रलच्या तुटक्या भागावर येतो. अशा वेळी न्यूट्रलला निर्धोक मानून हात लावणे जिवावर बेतते. टेस्टर केवळ दाब असल्याचे सुचवतो. तो किती व कोणत्या दोन तारांमध्ये आहे, हे सांगणे त्याच्या आवाक्यात नाही.

ते काम मल्टिमीटरचे. ब्रिटिश टपाल खात्यातील अभियंता डोनाल्ड मॅकॅडी यांच्या कल्पनेतून 1923 मध्ये बाजारात आलेल्या ‘अ‍ॅव्होमीटर’ने अँपिअर, व्होल्ट आणि ओहम ही तिन्ही मापे एकाच पेटीत आणली. आजचा खिशात मावणारा मीटर त्याच परंपरेतला आहे.

मोजण्यापूर्वी काळी तार ‘कॉम’ छिद्रात, तांबडी व्होल्टच्या छिद्रात आणि चकती एसी व्होल्टवर, 230 पेक्षा वरच्या टप्प्यावर असावी. तांबडी तार चुकून अँपिअरच्या छिद्रात राहिली आणि टोके प्लगला लागली, तर थेट शॉर्टसर्किट होते. चालू असल्याची खात्री असलेल्या प्लगवर मीटर आधी तपासून घ्यावा.

त्यानंतर तीन नोंदी घ्यावयाच्या. निर्दोष जोडणीत फेज आणि न्यूट्रल यांच्यामध्ये सुमारे 230 व्होल्ट, फेज आणि अर्थिंग यांच्यामध्येही जवळपास तेवढेच, तर न्यूट्रल आणि अर्थिंग यांच्यामध्ये फार तर दोनचार व्होल्ट दिसतात. वहीतील जमा-नावे जुळावे, तसा या तीन आकड्यांचा मेळ बसतो. वरच्या दुकानात पहिला आकडा जवळपास शून्य येईल, दुसरा 230 आणि दिव्याचे बटण चालू असताना तिसराही 230 च्या आसपास. न्यूट्रल तुटल्याचा निवाडा तेथेच होतो. याउलट पहिला आकडा बरोबर असून दुसरा भलताच कमी आला, तर अर्थिंग तुटलेले समजावे. हा दोष अधिक कपटी. कारण सर्व उपकरणे नीट चालत राहतात आणि संरक्षण मात्र नाहीसे झालेले असते.

तार कोठे तुटली, हे शोधताना मेन स्विच बंद करून, दाब शून्य झाल्याची मीटरनेच खात्री करून, मगच चकती ‘कंटिन्युइटी’वर फिरवावी. तार सलग असेल तर मीटर वाजतो. परंतु येथेही एक मेख आहे. सैल झालेला स्क्रूसुद्धा मीटरला वाजवतो. कारण मीटरच्या छोट्या सेलचा प्रवाह अत्यल्प असतो. खरा भार पडला की तोच सांधा तापतो. समजा, 10 अँपिअरच्या भारावर एका सांध्यात 10 व्होल्ट खर्ची पडत असतील, तर 100 वॉटची उष्णता त्या एका स्क्रूपाशी साठते. अशा सांध्याला लागून कापडाचे गठ्ठे असतील, तर पुढे काय होईल हे सांगण्याची गरज नाही. म्हणून दिवे लुकलुकत असतील, तर भार चालू असताना बोर्डापाशी आणि प्लगपाशी दाब मोजून दोहोंतील तफावत पाहावी लागते. हे काम परवानाधारक वायरमननेच करावे.

तारेच्या आवरणाची मजबुतीही मल्टिमीटरने ठरत नाही. त्यासाठी साधारण 500 व्होल्टचा दाब देणारा मेगर लागतो. मीटर बाळगणाऱ्याला त्याच्या मर्यादाही ठाऊक हव्यात.

मालकाने स्वतः सांधे उघडावेत, असा याचा अर्थ नव्हे. तीन आकडे वाचता आले, तरी ‘दिवेच गेले असतील’ या समजुतीवर दुकान विसंबून राहत नाही. दिवे लुकलुकले त्याच दिवशी मागच्या दालनाचा स्विच पाडावा, भिंतीलगतचे गठ्ठे हलवावेत आणि वायरमनला बोलवावे. त्या दालनातील विक्री एक दिवस थांबेल. तेवढा तोटा सोसण्याजोगा आहे.