आठ किलो कमी पडले

मुक्ताईनगरहून एका वाचक ताईंनी या आठवड्यात विमा कंपनीचं नकारपत्र पाठवलं. पत्र दीड पानी आहे, पण कामाची ओळ एकच: सध्याचा बीएमआय 31.6, म्हणून शस्त्रक्रियेचा खर्च नामंजूर. खाली ताईंनी लिहिलंय, ‘भाऊ, बारीक झाले हा माझा गुन्हा का?’

ताईंची उंची 157 सेंटिमीटर. वजन 104 किलो होतं तेव्हा याच कंपनीने वजन उतरवण्याच्या, पोट कापून लहान करायच्या ‘स्लीव्ह’ शस्त्रक्रियेचे पैसे मुकाट दिले. वजन उतरत उतरत 68 वर आलं, पुढच्या काही वर्षांत चढत 78 वर गेलं. पण त्यांची तक्रार वजनाची नाहीच. त्यांना रात्री आडवं होता येत नाही. तीन उशा पाठीशी घेऊन बसल्या बसल्या झोपतात, आणि पहाटे घशाशी आंबट येऊन उठतात. दुर्बीण घातली तर अन्ननलिकेला जखमा. गोळ्या दुप्पट करून झाल्या. आता सर्जन म्हणतात, स्लीव्हचा पोटाचा बायपास करून घ्या. कंपनी म्हणते, आधी बीएमआय दाखवा. आणि एजंट, जो मनापासून मदत करायला निघालाय, तो म्हणतो, ‘ताई, आठ किलो वाढवा, मग फाइल पुन्हा लावू.’

एजंटाला हसू नका, त्याने गणित बरोबर केलंय. आरोग्य विम्यात काय वगळता येतं याचे नियम विमा नियामक प्राधिकरणाने 2019 मध्ये एकसारखे केले. त्यात लठ्ठपणाच्या शस्त्रक्रियेसाठी अट अशी: बीएमआय 40 किंवा वर; नाहीतर 35 किंवा वर आणि सोबत चारपैकी एक गंभीर आजार. लठ्ठपणामुळे हृदयाचा स्नायू बिघडणं, हृदयाच्या रक्तवाहिन्यांचा विकार, झोपेत श्वास अडकण्याचा तीव्र विकार, किंवा आटोक्यात न येणारा टाइप-2 मधुमेह. ताईंना 35 गाठायला 86 किलोंच्या वर जावं लागेल. तिथे पोचूनही त्या नापासच, कारण अन्ननलिकेच्या जखमा या चारांत नाहीत. सरळ पास व्हायचं तर 40, म्हणजे वीस किलोंहून थोडं जास्तच. एजंटाने भीडेखातर आठच सांगितले असावेत.

हे 40 आणि 35 आले कुठून? अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने 1991 साली तज्ज्ञ बसवून ठरवले. तेव्हा या शस्त्रक्रिया पोट उघडून होत असत, दुर्बिणीतून नव्हे. खुद्द तिथल्या सर्जनांच्या संघटनेने आणि आंतरराष्ट्रीय महासंघाने 2022 मध्ये हे आकडे सोडले. आशियाई माणसांसाठी तर शस्त्रक्रियेचा विचार 27.5 पासून करावा असं सांगितलं. आपल्या पॉलिसीत 1991 अजून चालू आहे. जुन्या गोष्टी जपण्यात आपण पुढे आहोतच.

फळपीक विम्यावर या जागेत इतक्यांदा लिहून झालंय की ‘केळी’ शब्द दिसला की संपादक कपाळाला हात लावतात. पण ताईंचं पत्र वाचताना मला दुसरं काही आठवेचना. केळीचा हवामान आधारित विमा कसा चालतो ते रावेर-यावल-मुक्ताईनगरच्या माणसाला सांगायला नको. थंडीत सलग तीन दिवस पारा 8 अंशांवर किंवा खाली, तर भरपाई. एप्रिलात सलग पाच दिवस 42 किंवा वर, तर भरपाई. हा पारा तुमच्या बागेतला नसतो, महसूल मंडळातल्या स्वयंचलित केंद्रातला असतो. तापीकाठच्या खोलगट बागेत थंडीचा चरका पडला, पानं पिवळी झाली, घड अर्धवट निसवून पोग्यात अडकला, आणि केंद्राने तिसऱ्या दिवशी 8.3 नोंदवलं, की तुम्ही गेलात. शेजारच्या मंडळात 7.9 नोंदलं गेलं; तिथल्या उंचावरच्या बागेला काही झालेलं नाही, पण पैसे तिथे जातात.

तरी त्या योजनेची बाजू मी इतक्या वर्षांत थोडीफार समजून घेतली आहे. हजारो बागा, प्रत्येकीच्या पंचनाम्याला कृषी सहायक आणायचा कुठून? आणला तर तो खरंच लिहील याची खात्री कोण देणार? मग एक आकडा धरा. आकडा कोणाचा पाहुणा नसतो, कोणाकडे चहा पीत नाही. काहींवर अन्याय होतो, पण भांडण मिटतं. पंचनामा शक्य नाही म्हणून पारा, हा त्यातला व्यवहार आहे.

ताईंच्या बाबतीत पंचनामा झालेला आहे. कंपनीच्याच यादीतल्या रुग्णालयात झालेला आहे. बागेत शिरून, म्हणजे घशातून आत उतरून, जखमांचे रंगीत फोटो काढलेत आणि त्यांखाली डॉक्टरांची सही आहे, शिक्का आहे. औषध पाजून एक्स-रे काढलाय, त्यात स्लीव्हमध्ये उरलेली पोटाची नळी कुठे आवळली आहे ते दिसतं. एवढा कागद हातात असताना कंपनी विचारते, केंद्रावर पारा किती होता? बागेची पाहणी करणं अशक्य म्हणून जो आकडा आपण सहन करतो, तोच इथे पाहणी झाल्यावर ती रद्द करायला वापरला जातोय. दोन्ही नियम एकाच टेबलावर बसून लिहिले असावेत असा मला दाट संशय आहे. पुरावा नाही. पण शाई तीच वाटते.

शिवाय शेतकऱ्याला पारा खाली ओढता येत नाही. ताईंना काटा वर नेता येतो. नियमच असा की रुग्णाला अधिक आजारी पडण्यात फायदा दिसावा. आमरस, पुरणाचे मांडे, शेवभाजीवर तेलाचा तवंग, सगळं विम्याच्या हितासाठी. त्यात पोटावरची चरबी वाढली की आंबट आणखी जोरात वर येणार, हे वैद्यकीच्या पहिल्या वर्षाचं पोरही सांगेल. आणि ज्या ऑपरेशनचे पैसे वजन उतरावं म्हणून दिले, ते उतरलं, म्हणूनच पुढचे पैसे नाहीत! चरका पडून गेल्यावर फेब्रुवारीत ऊन पडलं म्हणून डिसेंबरचा दावा फेटाळला, असं अजून तरी आपल्याकडे कोणी केलेलं नाही. सुचवू नका.

बीएमआयवर माझा राग जुना आहे. वजनाला उंचीच्या वर्गाने भागायची कल्पना केतले नावाच्या बेल्जियन खगोलशास्त्रज्ञाची, 1830 च्या दशकातली. त्याला ‘सरासरी माणूस’ शोधायचा होता, कोणाला औषध द्यायचं नव्हतं. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटनचे डॉ. जॉन युडकिन यांचा 2004 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलेला फोटो ज्यांनी पाहिला असेल त्यांना वेगळं सांगायला नको. दोघांचा बीएमआय तंतोतंत 22.3. अंगातली चरबी मात्र युडकिन यांच्या 9.1 टक्के आणि आपल्या याज्ञिकांच्या 21.2 टक्के. पुण्याच्या माणसाने जगाला एवढं दाखवून दिलं, आणि आपण अजून काट्यावर उभे.

लोकांच्या डोळ्यांसमोरही चित्र चुकीचंच असतं. 2011 मध्ये नितीन गडकरींनी वजन उतरवण्याची शस्त्रक्रिया करून घेतली तेव्हा ती मराठी घरांत बोलली जाऊ लागली. 2017 मध्ये सुमारे पाचशे किलोंच्या इमान अहमद यांना इजिप्तहून विमानाने मुंबईच्या सैफी रुग्णालयात आणलं, तेव्हापासून तर वजनाचं ऑपरेशन म्हणजे क्रेन लागणारं माणूस, हेच डोक्यात बसलं. 78 किलोंची बाई पुन्हा ऑपरेशन म्हणाली की गल्ली म्हणते, ‘आता कशाला? बरी तर दिसते.’ दिसते बरीच. झोपते बसून.

स्लीव्हमध्ये पोटाचा तीन चतुर्थांशाहून अधिक भाग काढून एक अरुंद नळी ठेवतात. (तिला केळ्याच्या आकाराची असं जगभरचे सर्जन म्हणतात, मी नाही.) अरुंद नळीत दाब वाढतो आणि आंबट वर येतं. सगळ्यांना नाही, पण थोड्यांनाही नाही. फिनलंडमध्ये 240 रुग्णांवर स्लीव्ह आणि बायपास यांची तुलना झाली. दहा वर्षांनी दुर्बिणीने पाहिलं तर अन्ननलिकेची सूज स्लीव्हवाल्यांत 31 टक्के, बायपासवाल्यांत 7 टक्के. तेव्हा ताईंच्या सर्जनांनी काही जगावेगळं सुचवलेलं नाही. हे काम वजनाचं नाही, नळीचं आहे.

पण याच आठवड्यात दुसरेही दोन फोन आले, आणि त्यांच्यावर मी तितकाच वैतागलो. जळजळ नाही, साखर नाही, गुडघे ठीक. वजन 68 चं 74 झालंय, तेवढं ‘रिव्हिजन’, म्हणजे दुसरं ऑपरेशन, करून घ्यावं म्हणतात. इंदूरच्या रस्त्याला लागलं की जाहिराती दिसतातच, हप्त्याची सोयही असते. यांना कंपनीने नाही म्हटलं तर मी कंपनीच्या बाजूने. दुसऱ्यांदा पोट उघडणं पहिल्याइतकं सोपं नसतं. जुन्या टाक्यांची जागा घट्ट झालेली असते, आतडी चिकटलेली असतात, जोड गळायचा धोका वाढतो. आणि हाती काय येतं? उतरवायला किलोच थोडे, मग उतरतातही थोडे. उलट बायपासनंतर लोह, बी-12, कॅल्शियम आणि डी जीवनसत्त्वाच्या गोळ्या आयुष्यभर. आपल्याकडच्या माळकरी घरांत अंडं-मटण वर्ज्य, बी-12 येणार ते दुधातून तेवढंच. तिथे ही गोळी चुकवून चालतच नाही. मशेरी सोडावी लागते, तंबाखू सोडावी लागते, नाहीतर नव्या जोडावर व्रण होतो. गुडघा दुखला की मेडिकलवरून आणून खायच्या त्या वेदनाशामक गोळ्याही बंद. वरण-बट्टीच्या पंगतीत दोन बट्ट्यांवर हात आवरता न येणाऱ्याने आधी तो हात आवरून बघावा. आवरत नसेल तर इंजेक्शनं आहेत: मौंजारो मार्च 2025 मध्ये भारतात आलं, वेगोव्ही जूनमध्ये, आणि मार्च 2026 मध्ये वेगोव्हीतल्या सेमाग्लुटाइडचं पेटंटही इथे संपलं. नुसतं वजन परत आलं असेल तर सुरीच्या आधी सुईचा विचार व्हायला हवा, हे मागे लिहिलंच आहे.

मग ताईंनाही सुईच का नाही, असं कंपनी उद्या विचारेल. कारण ही औषधं पोट सावकाश रिकामं करतात, आणि ज्याचं आंबट आधीच वर येतंय त्याचा त्रास त्याने वाढू शकतो. वजन 70 वर येईल आणि ताई बसूनच झोपतील. काटा खूश.

दुसऱ्या ऑपरेशनला निघालेल्या कोणालाही मी एकच प्रश्न सर्जनना विचारायला सांगतो: माझं वजन परत वाढलंच नसतं, तरी तुम्ही हे ऑपरेशन सांगितलं असतं का? ताईंनी तो परवा विचारला. सर्जन म्हणाले, नळी आवळली आहे तोवर वजन 60 असतं तरी सांगितलं असतं. फोनवाल्यांपैकी एकाने विचारला. त्याचे डॉक्टर म्हणाले, मग तुम्ही आलातच नसतात. प्रामाणिक डॉक्टर आहेत, त्यांच्याकडेच राहा म्हटलं.

ताईंचं ऑपरेशन आता आखाजीनंतरच होईल; लेकी माहेरी येणार आहेत, त्यात घर बंद ठेवता येत नाही. तोवर कागद नीट करायचे. पहिला अर्ज ‘लठ्ठपणाची पुनर्शस्त्रक्रिया’ या नावाने गेला होता, तिथेच तो वजनाच्या कलमात अडकला. नव्या अर्जात निदान पहिल्या ओळीत हवं: आधीच्या शस्त्रक्रियेनंतर नळी आवळणं आणि त्यातून अन्ननलिकेला झालेल्या जखमा. दुर्बिणीचा अहवाल सोबत, किती महिने कुठल्या गोळ्या घेतल्या त्याची यादी सोबत, आणि सर्जनच्या लेटरहेडवर वरच्या प्रश्नाचं उत्तर लेखी. आधी कंपनीच्या तक्रार विभागाकडे जायचं. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पुन्हा नकार आला, तर विमा लोकपाल. कार्यालय पुण्यात आहे, फी लागत नाही, वकील लागत नाही, नकारापासून वर्षाच्या आत अर्ज करावा लागतो. वजनाचा रकाना त्यांच्याही अर्जात कुठेतरी असेलच. त्यात 78 लिहा.