चोरदिंडी बुजवावयाची कोणी?

किल्ल्याला महादरवाजा असतो, तशी चोरदिंडीही असते. रायगडावरील चोरदिंडी आजही पाहावयास मिळते. प्रसंग बाका आलाच तर गडावरच्या माणसांना निसटता यावे, म्हणून धन्यानेच ती ठेविलेली असे. संगणकाच्या बाबतीत मात्र सारे उलटे आहे. तेथे चोरदिंडी पाडतो तो परका, आणि तिची वार्ता नसते ती धन्यालाच. 'बॅकडोअर' या नावाने ओळखली जाणारी ही घातक आज्ञावली केवळ तंत्रज्ञांच्या चर्चेचा विषय आहे, असे मानण्याचे दिवस सरले. पगारपत्रके, परीक्षेचे गुण, बँकेतील ठेवी हे सारेच ज्या यंत्रावर विसंबून आहे, त्याच्या पहाऱ्याचा खर्च कोणी सोसावयाचा, हा अर्थकारणाचाही प्रश्न आहे.

ही दिंडी पुष्कळदा बाहेरून फोडली जात नाही. ती आतून उघडून दिली जाते. थकबाकीचे बिल म्हणून आलेली ई-मेल घाईत उघडली जाते. किमती सॉफ्टवेअर फुकटात वापरता यावे म्हणून त्याची कुलूप तोडलेली चोरटी प्रत आणली जाते, आणि तिच्या पोटात हा पाहुणा दडलेला असतो. कधी निर्मात्याने पाठविलेली दुरुस्ती महिनोन्‌महिने बसविलीच जात नाही. एकदा आत शिरल्यावर, यंत्र सुरू होताच आपणही जागे होऊ, अशी तजवीज तो करतो. मग आपण होऊन बाहेरच्या सूत्रधाराशी संधान बांधतो. पहारेकरी बाहेरून येणाऱ्याला हटकतो, आतून बाहेर जाणाऱ्याला सहसा विचारीत नाही, हे त्याला ठाऊक असते. पडद्यावर काही झळकत नाही, काम अडत नाही. गप्प राहणे हेच त्याचे बळ.

या गुपचूपपणाची किंमत महाराष्ट्राने पाहिली आहे. ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेच्या एटीएम व्यवहारांच्या यंत्रणेत अशीच घुसखोरी झाली. पैसे काढण्याची मागणी बँकेच्या मुख्य हिशेबयंत्रणेपर्यंत पोहोचण्याऐवजी मध्येच एका तोतया यंत्रणेने तिला होकार दिला. बनावट कार्डांच्या साह्याने २८ देशांतून रकमा काढल्या गेल्या. दोन दिवसांनी जवळजवळ १४ कोटी रुपये हाँगकाँगमधील खात्याकडे वळविण्यात आले. एकूण फटका ९४ कोटींच्या वर गेला. ना तिजोरी फुटली, ना पहारेकऱ्यावर हात पडला. सहकारी बँकेचे नुकसान म्हणजे अखेर सभासदांचेच नुकसान, हे वेगळे सांगावयास नको.

मग उपाय काय? संशयास्पद फाइल पुसून टाकली की काम झाले, ही सार्वत्रिक समजूत घातक आहे. ज्याने एक दिंडी पाडली त्याने दुसरी पाडलेली नसेलच, याची हमी कोण देणार? म्हणून प्रथम यंत्र जाळ्यापासून तोडावे. पासवर्ड बदलावेत, पण ते दुसऱ्या निर्दोष यंत्रावरून. बाधित यंत्रावर बदललेला नवा पासवर्ड तत्काळ चोराच्याच हाती पडतो. बाधित प्रणालीच्या आत चालणाऱ्या तपासनिसाला ती प्रणाली फसवू शकते; यास्तव तपासणी बाहेरच्या, स्वच्छ माध्यमावरून यंत्र सुरू करून व्हावी. सर्वांत खात्रीचा मार्ग म्हणजे डिस्क संपूर्ण पुसून मूळ प्रतीवरून प्रणाली नव्याने बसविणे आणि संसर्गापूर्वीच्या प्रतीतून कागदपत्रे परत आणणे. अशी प्रत वेगळी जपून ठेवलेली असेल तरच हे शक्य, हे ओघानेच आले. आणि शत्रू शिरला ती वाट बुजविली नाही, तर हा सारा खटाटोप व्यर्थ होय.

आमच्या शाळा-महाविद्यालयांना व लहान कचेऱ्यांना हा खर्च परवडत नाही, असा आक्षेप घेतला जाईल. त्यात तथ्य आहे. परंतु चोरटी प्रत हे त्याचे उत्तर नव्हे. केरळमधील सरकारी शाळांनी खुल्या, मुक्त प्रणालीचा मार्ग धरलाच आहे. अर्थात मुक्त म्हणजे बिनपहाऱ्याचे नव्हे. जगभरच्या असंख्य यंत्रांत वापरल्या जाणाऱ्या 'एक्सझेड' या साधनाची देखभाल मुख्यतः एकच स्वयंसेवक बिनमोबदला करीत होता. 'जिया टॅन' हे नाव धारण करणाऱ्याने दोन वर्षांहून अधिक काळ मदतनीस म्हणून वावरून विश्वास संपादिला आणि अखेर त्यात चोरदिंडी घातली. दूरच्या यंत्रात प्रवेश मिळण्यास सुमारे अर्धा सेकंद अधिक लागतो, एवढ्याशा खुणेवरून आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याने मार्च २०२४ मध्ये ती उघडकीस आणली. ज्यावर सर्वांचा व्यवहार चालतो त्याच्या राखणीचा खर्च कोणीच उचलीत नाही, ही सार्वजनिक वस्तूंची जुनी शोकांतिका येथेही दिसते. वाचविलेला पैसा ही बचत नसते. ते पुढे ढकललेले कर्ज असते, आणि त्याचे व्याज जबर असते.

तेव्हा संस्थांच्या अंदाजपत्रकात पहाऱ्याला स्वतंत्र स्थान मिळाले पाहिजे. 'विंडोज १०' चे नियमित पाठबळ ऑक्टोबर २०२५ मध्ये थांबले. त्यावर चालणाऱ्या यंत्रांचे काय करणार, हे प्रत्येक चालकमंडळाने ठरवावे. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, चुकीची ई-मेल उघडणाऱ्या कारकुनाला बळीचा बकरा करण्याची प्रथा थांबावी. संगणक-सुरक्षेच्या घटनेची खबर सहा तासांत द्यावी, असा केंद्राच्या 'सर्ट-इन' या यंत्रणेचा २०२२ चा आदेश आहे. ज्या कचेरीत चूक कबूल करणाऱ्याची नोकरी धोक्यात येते, तेथे सहा तासांत काय, सहा महिन्यांतही कोणी तोंड उघडणार नाही. चोरदिंडीला अंधार लागतो, आणि भयाइतका गडद अंधार दुसरा नाही.