मागासलेला फोन की मागासलेली व्यवस्था?

स्वारगेटच्या एस. टी. स्थानकात साताऱ्या-सोलापूरकडे निघालेल्या गर्दीत आजही बटणांचे फोन दिसतात. बोचके सांभाळणारी म्हातारी, बांधकामावरचा मजूर, मार्केट यार्डातला हमाल यांच्या हाती ते असतात. शेजारीच सप्टेंबर २०२४ पासून भुयारी मेट्रो धावू लागली आहे. तिच्या झगमगाटात असा फोन बाळगणारा माणूस काळाच्या मागे पडलेला समजला जातो. ही समजूत तपासून पाहिली पाहिजे.

साधनाचे मोल ते किती नवे आहे यावरून ठरत नाही. ज्याच्या हाती ते पडते त्याच्या जगण्याशी ते किती जुळते, यावरून ठरते. या कसोटीवर २००३ साली बाजारात आलेला नोकिया ११०० पाहावा. धूळ आत शिरू नये म्हणून कळांवर अखंड आच्छादन, घामेजल्या हातातून निसटू नये अशा कडा, एक कळ दाबून धरताच लागणारी विजेरी आणि एकदा विजेला लावली की दिवसेंदिवस पुरणारी बॅटरी! जगभर २५ कोटींहून अधिक खपलेला हा फोन गरीब देशांतील धूळ, उकाडा आणि अंधार लक्षात घेऊनच घडवलेला होता. पाचाच्या कळेवरील बारीक उंचवटा अंध माणसाला सर्व आकड्यांची जागा सांगत असे. मागचे झाकण नखाने उघडे आणि थकलेली बॅटरी दुकानात उभ्या उभ्या बदलता येई. आजच्या काचेच्या फोनला मात्र डोळे हवेत, कोरडी बोटे हवीत, रोज वीज हवी. आणि त्याची बॅटरी बहुधा आतच डकवलेली असते.

याचा अर्थ जुने ते सारे सोने, असा नव्हे. रोमन लिपीतील एका लघुसंदेशात १६० अक्षरे मावतात. देवनागरीचे एक अक्षर आले की ती मर्यादा ७० वर उतरते. एकेका जोडाक्षरासाठी कळा पुन्हापुन्हा दाबाव्या लागत. या फोनने श्रमिकाला बोलण्याची सोय दिली. त्याच्या भाषेत लिहिण्याची दिली नाही. नव्या फोनने हा अन्याय बराच दूर केला, हे मान्य केलेच पाहिजे.

परंतु प्रश्न नव्याचा नाही, सक्तीचा आहे. भारतातील पहिल्या मोबाइल संभाषणाला ३१ जुलै २०२० रोजी २५ वर्षे पूर्ण झाली, तेव्हा मुकेश अंबानी यांनी देश ‘टू-जी मुक्त’ करण्याची हाक दिली. ३० कोटी ग्राहक जुन्या युगात अडकून पडले आहेत, अशी त्यांची तक्रार होती. त्या ३० कोटींना काय हवे, हे कोणी विचारले? ज्यांना इंटरनेट नको त्यांनाही त्याचे पैसे मोजायला लावणाऱ्या योजना बाजारात रुळल्या. अखेर डिसेंबर २०२४ मध्ये दूरसंचार नियामक प्राधिकरणाला केवळ बोलणे व लघुसंदेश यांसाठी वेगळे दर देण्याचे बंधन कंपन्यांवर घालावे लागले. मुक्तीची भाषा आणि वसुलीचा व्यवहार यांतील अंतर यातून उघड होते.

तंत्र आड येते, ही सबबही टिकणारी नाही. मार्च २०२२ मध्ये रिझर्व्ह बँकेने बटणांच्या फोनवरून पैसे पाठविण्यासाठी ‘यूपीआय १२३ पे’ ही व्यवस्था सुरू केली. मनात आणले तर साध्या फोनलाही सामावून घेता येते, याचा हा पुरावा आहे. उणीव आहे ती इच्छेची.

म्हणून मागणी स्पष्ट असली पाहिजे. तिकीट, रेशन, निवृत्तिवेतन, इस्पितळातील क्रमांक अशी कोणतीही सार्वजनिक सेवा केवळ पडद्याच्या फोनवर अवलंबून ठेवता कामा नये. ती साध्या फोनवरून बोलून वा लघुसंदेशाने मिळावी, आणि माणूस बसलेली एक खिडकी प्रत्येक ठिकाणी उघडी राहावी. ही सवलतीची याचना नव्हे. ज्यांच्या कष्टावर शहर उभे आहे, त्यांनी सार्वजनिक सेवेसाठी आधी कंपन्यांचे ग्राहक बनावे, अशी अट घालण्याचा अधिकार लोकशाहीत कोणालाही नाही.

स्वारगेटची ती म्हातारी मागासलेली नाही. तिच्या हातातील साधन तिचे काम चोख करते. तिच्यापर्यंत पोहोचू न शकणारी व्यवस्थाच मागासलेली आहे.